पश्चिम धक्क्याची कडी

रॉसकोराच्या बंदरात नियम मोडायचा तर गुपचूप मोडावा, अशी रीत होती. मापापेक्षा लहान शेवंड पोत्याखाली दडवावी, लाइफ जॅकेट बंदराचं तोंड ओलांडलं की काढून ठेवावं, आणि कुणी विचारलंच तर आभाळाकडे बघून वाऱ्याची गोष्ट काढावी. म्हाताऱ्या मर्टी ग्रिफिनला एवढीही अक्कल नव्हती. तो नियम मोडायचा तो भर सकाळी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, आणि वर टोपी उचलून लोकांना रामराम केल्यासारखं करायचा.

त्या मंगळवारी तेच झालं. त्याची ‘एथ्ना’ पूर्व धक्क्यावरून सुटली, मागे मागे जात बंदराच्या मधोमध आली आणि तिथे, बेटाकडे निघालेल्या फेरीबोटीच्या ऐन नाकासमोर, सावकाश उजवीकडे वळायला लागली. फेरी गच्च भरलेली. ती चालवणाऱ्या कार्मेलने इंजिन उलटं फिरवलं, भोंगा वाजवला, आणि भोंगा थांबल्यावर तिचं तोंड सुरू झालं.

“डोळे गहाण टाकलेस का रे म्हाताऱ्या? पोराबाळांची माणसं आहेत माझ्या बोटीत.”

“वळतोय ना बाई,” मर्टी शांतपणे म्हणाला. “एवढी घाई असेल तर पोहत जा.”

आणि तो वळला. पुरता, उजवीकडून, जसा सूर्य आभाळात फिरतो तसा. मग टोपी उचलली आणि बंदराबाहेर निघून गेला.

बंदराची अधिकारी नोरीन डिव्हेन कचेरीच्या खिडकीतून हे सगळं बघत होती. हातातल्या चहाचा एक घोटही तिने घेतला नव्हता. दोन बोटींमध्ये हातभर पाणी उरलं होतं. फेरीतली एक बाई पोराला छातीशी धरून उभी राहिलेली तिने पाहिली, आणि आता डोळेझाक करून चालायचं नाही हे तिला कळून चुकलं.

खरं तर भांडण दीड वर्षापूर्वीचं. सरकारने बंदराच्या तोंडाशी नवा बांध घातला. लाटा थांबल्या, पण आतली जागा आवळली. मग सागरी सुरक्षेच्या खात्याने नियम केला, की पूर्व धक्क्यावरच्या बोटींनी निघताना डावीकडे वळायचं, म्हणजे मधली वाट फेरीला मोकळी राहील. कागदावर अगदी सोपं काम. पण रॉसकोरात बोट डावीकडे वळवून समुद्रावर कुणी जात नसे. निघताना सूर्याच्या वाटेनेच, उजवीकडे वळायचं, नाही तर माणूस परतत नाही, हे आईच्या दुधाबरोबर आलेलं. तरण्या लोकांनी कुरकुर केली, खिशातल्या खिशात क्रूसाची खूण केली आणि डावीकडे वळायला शिकले. पोटापुढे कुणाचं चालतं? मर्टीचं मात्र सुंभ जळालं तरी पीळ जळेना.

दुपारी तो परतला तेव्हा नोरीन धक्क्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

“मर्टीकाका, जॅकेट कुठाय?”

“घातलंय की.” त्याने स्वेटरचा गळा ताणून दाखवला. जॅकेट खरंच होतं, स्वेटरच्या आत.

“पाण्यात पडलात आणि ते आतल्या आत फुगलं तर बरगड्या मोडतील तुमच्या.”

“मोडू देत. जुन्याच आहेत.” त्याने शेवंडींचा खोका धक्क्यावर ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. “जॅकेटसाठी नाही आलीस तू.”

“नाही. ही दुसरी ताकीद आहे. तिसरी नसते, काका. तिसऱ्यांदा झालं की जागा जाते. कार्मेलने वर तक्रार केलीय. गुरुवारी डब्लिनहून खात्याचा साहेब येतोय.”

“जागा जाते म्हणजे?”

“म्हणजे या बंदरात तुम्हाला बोट लावता येणार नाही.”

जवळपास दुसरं बंदर नव्हतं. होतं ते डोंगरापलीकडे, आणि तिथे जायला म्हाताऱ्याकडे ना गाडी होती ना डोळ्यांत तेवढी नजर. बायको गेल्यापासून त्याला सकाळी उठायला एवढं एकच निमित्त होतं. बंदर गेलं की बोट गेली, आणि बोट गेली की मर्टीला त्या चुलीपुढच्या खुर्चीत बसून दिवस ढकलायचे. नोरीनला हे माहीत होतं, म्हणून तर तिला त्याचा इतका राग येत होता.

“माझ्या आज्याने बोट लावली इथे,” मर्टी म्हणाला.

“तुमच्या आज्यासमोर फेरी नव्हती.”

“मग फेरी हलवा.”

“एकदा डावीकडे वळलात तर काय आभाळ कोसळणारे?”

“तू विचारतेस हे?” मर्टी म्हणाला. “तू, यूजीनची पोर?” आणि लगेच जीभ चावून खोका उचलायला वाकला.

यूजीन डिव्हेन म्हणजे नोरीनचा बाप. एका ऑक्टोबरात तो समुद्रावर गेला आणि त्याची बोट तेवढी मिळाली, इंजिन चालू, आत कुणी नाही. त्या सकाळी गाळ काढणारा तराफा वाटेत आडवा होता म्हणून यूजीन डावीकडून वळून गेला होता, हे धक्क्यावरच्या पाचपन्नास माणसांनी पाहिलेलं. बस, गावाला तेवढं पुरलं. नोरीनच्या तोंडावर कुणी बोलत नसे, पण पबमध्ये दुसऱ्या ग्लासानंतर ते वळण निघायचंच. तिला त्या बोलण्याची चीड होती. बाप वळणापायी नव्हता गेला. एक आडवी लाट आली असेल, आणि अंगात जॅकेट नव्हतं. त्यासाठीच तर तिने शहरातली बरी नोकरी सोडून ही बंदराची कटकट गळ्यात घेतली होती. जॅकेट न घातलेल्या माणसाला ती धक्क्यावरून सुटू देत नसे, मग तो पाद्रीबाबा का असेना.

गुरुवारी हॅनिगन साहेब आला. तो आला की आपल्याला एक शिष्ट, कडक इस्त्रीचा माणूस बघायला मिळणार अशी लोकांची फार इच्छा होती, पण निघाला भलताच. रबरी बूट घालून आला, सगळ्यांशी हात मिळवले, कार्मेलच्या फेरीत बसून एक चक्कर मारून आला. त्याच्या सांगण्यावरून मर्टीने बोट सोडून दाखवली. उजवीकडे वळूनच. साहेबासाठी तरी खोटं वागावं, तर तेही नाही. नोरीनने कपाळाला हात लावला.

“आजोबा,” साहेब म्हणाला, “बोट उलटी लावली तर? नाक समुद्राकडे करून? मग निघताना वळायलाच नको.”

आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. बरं बोलतोय की माणूस.

“वळायलाच नको?” मर्टीने विचारलं. “तुम्ही घरातून निघताना बायकोला काही न बोलता निघता का?”

“कधी कधी,” साहेब म्हणाला.

“आणि मग संध्याकाळी काय होतं?”

लोक हसले, साहेबही हसला. पण हसून झाल्यावर तो नोरीनला बाजूला घेऊन गेला आणि हलक्या आवाजात बोलला. “बाई, माणूस चांगला आहे. पण मी फेरीत बसून पाहिलं, हे एक दिवस जिवावर बेतणार. त्याला इथे ठेवता येणार नाही.”

“साहेब, बोट गेली तर तो जगायचा नाही.”

“आणि ठेवली तर दुसरं कुणी मरेल. तुम्हाला हे मी सांगायला हवं का?”

नको होतं. नोरीनने मान खाली घातली. साहेब बंदरावर नजर फिरवत उभा राहिला, आणि बघता बघता त्याच्या कपाळावरची आठी गेली.

“थांबा. तो पूर्वेच्या धक्क्यावर आहे म्हणून उजवं वळण वाटेत येतं. समोर पश्चिमेच्या धक्क्यावर असता तर उजवीकडेच वळावं लागलं असतं. त्याचा सूर्यही राखला जाईल आणि माझा नियमही. तिकडे जागा आहे का?” आणि तिने उत्तर द्यायच्या आत त्याने मोठ्याने बोलत समोर हात केला. “ती काय. मधली. रिकामीच आहे की.”

कार्मेलने दोर गुंडाळायला घेतला, जो आधीच गुंडाळलेला होता. मर्टी पाठ फिरवून उभा राहिला.

“तिथली बोट बांधायची कडी निकामी आहे,” नोरीन म्हणाली.

ही कडी निकामी आहे हे ती गेली कित्येक वर्षं सांगत आली होती. नवी बोट घेतलेल्या गावच्या जावयांना सांगितलं, उन्हाळ्यात येणाऱ्या शिडाच्या होड्यांना सांगितलं, एकदा वादळात आसरा मागणाऱ्या स्पॅनिश बोटीलाही सांगितलं, आणि त्यांना दुसऱ्या बोटीच्या कडेला बांधायला लावलं. साहेब मात्र सरळ चालत पलीकडे गेला, वाकला आणि दोन्ही हातांनी कडी ओढली. नोरीन मागे जाऊन उभी राहिली. कडी तसूभर हलली नाही. हात सोडून त्याने पाहिलं तर तळवे काळेकुळकुळीत, ग्रीसने माखलेले.

“निकामी कड्यांची निगा तुम्ही फार छान राखता,” साहेब म्हणाला.

नोरीनचं तोंड लाल झालं. दर वसंतात, इस्टरच्या आधी, कुणी नसताना ती इथे येऊन कडीला ग्रीस लावायची. लोकांना सुरक्षा शिकवणारी ही बाई, मर्टीच्या सूर्याला हसणारी ही बाई. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण.

“कुणाची जागा?” त्याने विचारलं.

“माझ्या वडिलांची.”

रॉसकोरात बुडालेल्या माणसाची जागा देह सापडेपर्यंत मोकळी ठेवत. देह आला, माती दिली, चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली, की मग दुसऱ्या कुणी तिथे बोट लावावी. पण समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसाचं काय करायचं याला रीत नव्हती. जागा तशीच राहिली. कुणी मागितली नाही आणि नोरीनने कुणाला दिली नाही. त्याबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती, मनातल्या मनात स्वतःशीसुद्धा नाही.

साहेबाने रुमालाने तळवे पुसले, बराच वेळ पुसले. “मला वाईट वाटतं,” तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं. “पण जागा रिकामी का, याचं कारण मला द्यावं लागतं. आणि हे कारण वर चालायचं नाही. मी उद्या दुपारी निघणार. तोवर एक तर तो या कडीला असेल, नाही तर या बंदरात नसेल. तुम्ही ठरवा.”

संध्याकाळी ती मर्टीच्या घरी गेली. तो एकटाच टेबलाशी बसून उकडलेल्या बटाट्याची सालं काढत होता. चुलीवर बांगडे तळून ठेवलेले. त्याने दुसरी ताटली काढली. नोरीनने खुर्ची ओढली आणि एका दमात सांगून टाकलं, की जागा घ्या, मी देतेय.

मर्टीने सुरी खाली ठेवली. “यूजीनच्या जागेवर मी? तुला विचारायला जीभ कशी रेटली?”

“मग डावीकडे वळा.”

“यूजीन वळला होता.”

“पुरे झालं,” नोरीन म्हणाली. तिचा आवाज चढला. “बाबा वळणामुळे नाही गेले. त्यांचं जॅकेट आत खुंटीला होतं. कोरडं. बोट ओढून आणली तेव्हा मी स्वतः काढलं ते. माझ्या हातात होतं, काका, कोरडं ठणठणीत. मीच घेऊन दिलेलं वाढदिवसाला. चेष्टा केली होती त्यांनी, म्हणे मला काय कोंबडीसारखं फुगवतेस. त्या तराफ्याचा नि सूर्याचा काही संबंध नाही यात.”

हे मर्टीला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं, तिने आईलाही सांगितलं नव्हतं, आणि आई आता नव्हती.

“असेल,” तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. “असेल तसं. पण माझं ऐक पोरी. त्या हिवाळ्यात आम्ही सगळी किनारपट्टी पालथी घातली. प्रत्येक घळीत उतरलो. नाही मिळाला. मग मी ठरवलं, निदान त्याची जागा तरी मोडायची नाही. मी रोज सकाळी समोर बघतो, जागा आहे ना, बघतो, आणि मग निघतो. आता तिथेच मी जाऊन बसू? तो आला तर बोट कुठे लावेल?”

तो वेडा नव्हता. येणार नाही हे त्यालाही माहीत होतं. पण असं कुणीतरी म्हणायचं, आणि बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं, असंच चालत आलं होतं. नोरीनही ऐकूनच घेत आली होती. आज मात्र तिला ते जमेना.

“ते येणार नाहीत, मर्टीकाका,” ती म्हणाली.

तिच्या तोंडून हे शब्द आजवर कधी निघाले नव्हते. निघाल्यावर तिलाच धक्का बसल्यासारखं झालं. ती ताटलीकडे बघत बसली. मर्टीने सोललेला बटाटा तिच्या ताटलीत ठेवला, लोण्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

“गार होतंय,” तो म्हणाला. “खा.”

दोघं जेवली. जागेबद्दल मग कुणी बोललं नाही. निघताना दारात ती म्हणाली, “मी तुम्हाला काढू शकत नाही, काका. साहेब काढेल, आणि कागद मला तुमच्या हातात द्यावा लागेल. तेवढी वेळ माझ्यावर आणू नका.” मर्टीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिला काही कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी भरती चढत होती. साहेब गाडीला टेकून उभा होता. कार्मेलने फेरी सोडली नव्हती. उतारूंना तिने इंजिनाचं काहीतरी कारण सांगितलं. मासळी उतरवणारी माणसं कामात असल्यासारखी दाखवत होती, पण कुणाचाच हात चालत नव्हता. मर्टी आला, ‘एथ्ना’वर चढला, स्वेटरवरून जॅकेट घातलं आणि दोर सोडला. बोट मागे आली. सगळे श्वास रोखून बघत राहिले. ती वळली नाही. तशीच हळूहळू पाणी कापत पश्चिमेच्या धक्क्याकडे गेली.

नोरीनने सुटकेचा श्वास सोडला, आणि मग तिच्या लक्षात आलं. मर्टीने बोट धक्क्याला लावलीच नव्हती. बाहेरच्या बाजूने नांगर टाकला होता, पुढून मागून लांब लांब दोर काढून धक्क्यावर फेकले होते, आणि धक्क्यात नि ‘एथ्ना’त बरोबर एक बोट मावेल एवढं पाणी मोकळं सोडलं होतं. ‘एथ्ना’चं बूड फेरीच्या वाटेत आलेलं. साहेबाने ते पाहिलं, नोरीनकडे पाहिलं आणि आपल्या बुटांकडे बघायला लागला.

ती पश्चिम धक्क्यावर गेली. मर्टी डेकवर उभा होता, हात लोंबकळत.

“काका, आत घ्या.”

“नाही जमत गं.” म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. “तू म्हणालीस म्हणून इथवर आणली. पुढे हातच धजत नाही. त्याच्या जागेवर मी नाही बोट लावू शकत. तू त्याची पोर आहेस. लावायची तर तू लाव.”

नोरीन गुडघ्यावर बसली, दोर उचलला आणि ओढायला लागली. मर्टीने तिकडून नांगराचा दोर सैल केला. बोट जड होती, येता येईना, तळवे सोलले. मदतीला कुणी पुढे आलं नाही, कारण हे तिचंच काम आहे हे सगळ्यांना समजत होतं. तिने पाय दगडाला रोवले आणि ओढत राहिली. मधलं पाणी हातभर झालं, मग वीतभर झालं, मग उरलंच नाही. ‘एथ्ना’ धक्क्याला लागली.

तिने दोर वडिलांच्या कडीतून ओवला, गाठ मारली, ओढून पक्की केली. मग तिथेच ओल्या दगडावर बसून, साऱ्या गावासमोर, ती आपल्या बापासाठी मोठ्याने रडली.